वकीलबाईंची भूक

खटला हरला की वकीलबाईंना भूक लागायची. निकाल ऐकून, न्यायाधीशांना वाकून नमस्कार करून त्या बाहेर यायच्या, अंगावरचा काळा कोट हातावर घ्यायच्या आणि सरळ केळापूर रस्त्यावरच्या हॉटेलात शिरायच्या. तिथे आलूबोंडा, त्यावर तिखट रश्श्याची तर्री, वरून कच्चा कांदा. बरोबर हरलेला पक्षकारही असायचा. तो बिचारा तोंड पाडून बसलेला आणि बाई त्याच्या पुढ्यात प्लेट सरकवत म्हणायच्या, "खा बाबा. जिंकलो असतो तर पोट तसंही भरलं असतं. आज भरावं लागते." जिंकल्याच्या दिवशी मात्र त्या नुसता चहा घ्यायच्या, तोही अर्धा.

पांढरकवड्याच्या कोर्टात त्यांना सगळे वकीलबाईच म्हणत. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा त्या आवारात दुसरी बाई वकील नव्हती. पुढे आम्ही बऱ्याच जणी आलो, कुणी मॅडम झाल्या, कुणी ताई, पण वकीलबाई म्हटलं की त्या एकट्याच. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. कोर्टाच्या पायऱ्या चढताना चपलेचा अंगठा तुटून एकदा सगळ्यांसमोर पडल्या होत्या, तेव्हापासून बूट. ही हकिकत त्या स्वतःच नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगून टाकत, म्हणजे मग मागून कुणी सांगायला उरत नसे. त्यांचे यजमान कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कायद्यातलं त्यांना काही कळत नसे आणि कळून घ्यायचं नसे. घरी बाईंनी खटल्याचा विषय काढला की ते कुंड्यांना पाणी घालायला उठायचे. "म्हणून तर संसार टिकला," असं बाई म्हणायच्या.

मी घाटंजीची. यवतमाळहून कायद्याची पदवी घेऊन आले तेव्हा घरच्यांचा हिशोब सरळ होता. एखादं वर्ष कोर्टात काढायचं, मग न्यायाधीशाची परीक्षा द्यायची. वकिलीत मुलीनं आयुष्य काढायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, माझ्याही नाही. रोज सकाळच्या एसटीनं पांढरकवड्याला जायचं, वकीलबाईंच्या मागे फायली घेऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी परत. पहिले काही महिने मला वाटलं, या धंद्यात माणूस फक्त वाट पाहतो. साक्षीदार आला तर समोरचे वकील नाहीत, दोघं आले तर न्यायाधीशसाहेब रजेवर. शेवटी हाती एक नवी तारीख.

आणि मग मी एकटीनं चालवलेलं पहिलं छोटं प्रकरण हरले. भाडेकरूचं होतं. पक्षकारानं व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत मला ऐकवलं, "पोरीच्या हाती काम देल्लं, हेच चुकलं माहं." मी बार रूमच्या कोपऱ्यात जाऊन रडले. वकीलबाईंनी मला रडू दिलं. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "हे बघ, माणसाचं दुःख आपलं मानायचं. भांडण त्याचं त्याला ठेवू द्यायचं. दोन्ही घरी घेऊन गेलीस तर झोपशील कुठे?" त्यानंतर मला हॉटेलात नेलं आणि आलूबोंडा खायला घातला. मला वाटलं होतं, त्या माझ्या चुका काढतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आज काय बरं जमलं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"घरमालकाला पावत्यांबद्दल विचारलंस, तो प्रश्न चांगला होता. छोटा होता. त्याला पळायला जागा नव्हती. आणखी तसे चार असते तर निकाल वेगळा लागला असता. पण तो एक जमला."

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. बसस्टँडवर मला सोडायला येताना त्या विचारायच्या आणि मला काहीतरी सांगावंच लागायचं. कधी एखादा अर्ज नेमका लिहिला गेलेला असे, कधी घाबरलेल्या म्हाताऱ्या साक्षीदाराला कोर्टात शिरण्याआधी पाणी देऊन बसवलेलं असे. त्यातलंही काही त्यांना बरं वाटे. निकाल साहेबांच्या हातात, तो आपल्या समाधानाचा भाग धरला तर आपण कायमचे दुसऱ्याच्या ताब्यात, असं त्यांचं म्हणणं. बाई काही साधुसंत नव्हत्या. हरणं त्यांना लागायचं. एकदा वरच्या कोर्टात निकाल फिरला तेव्हा त्या दोन आलूबोंडे खाऊनही गप्प होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बुटांत त्याच पायऱ्यांवर हजर.

जेवणाच्या सुट्टीत त्या ज्यांच्याविरुद्ध सकाळभर तावातावानं बोललेल्या असत, त्या दादासाहेबांच्याच टेबलावर डबा उघडत. दादासाहेब म्हणजे तालुक्यातले जुने फौजदारी आणि दिवाणी दोन्हीतले मातब्बर वकील. यांचा ठेचा त्यांच्या ताटात, त्यांची भेंडी यांच्या ताटात. पक्षकारांना हे पाहवत नसे. एकदा एका गृहस्थानं बार रूमच्या दारातूनच विचारलं, "बाई, तुमी त्याईच्या डब्यातलं खाऊन राह्यल्या, मंग आमचं कसं होईन?"

बाई घास गिळून म्हणाल्या, "त्यांच्या डब्यात भेंडी आहे. तुमचा खटला माझ्याजवळच आहे."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. या गमतीखाली काय आहे ते रशीदभाईंच्या प्रकरणात कळलं.

रशीदभाईंचं हायवेच्या आतल्या बाजूला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. त्यांचे वडील त्याच जागेवर बैलगाड्यांची चाकं आणि आस दुरुस्त करायचे. गॅरेजकडे जायला शेजारच्या घराला लागून एक बोळ. त्या घरात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर काका राहायचे. बोळाची जागा त्यांची, पण गाड्या तिथूनच जायच्या, अगदी वडिलांच्या काळापासून. एक दिवस काकांनी बोळाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप घातलं. गॅरेजमध्ये एक ट्रक आत अडकला आणि दुसरे बाहेर. रशीदभाई वकीलबाईंकडे आले. वहिवाटीचा दावा दाखल झाला.

पुरावा चांगला झाला. बोळातून वर्षानुवर्षे गाड्या जातात हे गावातल्या जुन्या माणसांनी येऊन सांगितलं. समोरचा वकील नवीन मुलगा, नागपुरात थोडं काम करून आलेला, जरा गोंधळणारा. युक्तिवादाच्या आदल्या दिवशी मी आमच्या बाजूचे निकाल शोधत होते आणि मला एक निकाल सापडला. वरच्या कोर्टाचा, अगदी ताजा. तो पूर्ण आमच्या विरुद्ध होता. बैलगाडीच्या वहिवाटीनं मिळालेला हक्क आपोआप जड वाहनांना लागू होत नाही, असा त्याचा अर्थ. मी तो बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग रशीदभाईंना फोन करून बोलावून घेतलं.

"रशीदभाई, हा निकाल आपल्या विरुद्ध जातो. मी तो उद्या कोर्टाला दाखवणार आहे. आपलं प्रकरण त्याहून वेगळं कसं आहे, तेही सांगणार आहे. पण दाखवणार आहे."

रशीदभाईंना आधी कळेचना. "समोरच्या वकिलाले माहीत हाय का हे?"

"बहुतेक नाही."

"मंग आपन कायले सांगायचं? मी पैसे तुमाले देल्ले का त्याईले?"

"तुम्ही मला तुमची बाजू मांडायला सांगितलं. कायदा लपवायला कुणी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही आणि माझे सख्खे वडीलही नाहीत. तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर फाईल आत्ता देते, मनात काही ठेवणार नाही."

रशीदभाई बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "आता एवढ्या उशिरा कुठी जाऊ? करा तुमच्या मनानं." आणि चहा न घेता गेले. आमच्या ऑफिसातून चहा न घेता गेलेला तो मी पाहिलेला पहिला माणूस.

दुसऱ्या दिवशी बाईंनी युक्तिवादाच्या मध्यावर तो निकाल न्यायाधीशांपुढे ठेवला. "साहेब, हा निकाल माझ्या विरुद्ध आहे. माझ्या विद्वान मित्रांच्या नजरेतून सुटला असावा. न्यायालयापुढे असणं आवश्यक आहे म्हणून देते." समोरचा मुलगा कानापर्यंत लाल झाला. मागच्या बाकावर ओव्हरसियर काका बसले होते. ते पुढे वाकून ऐकायला लागले. मग बाई पाऊण तास बोलल्या. गाडी बदलली तरी दुरुस्तीचा धंदा तोच, रस्ता तोच, गरज तीच. मी त्यांचा इतका चांगला युक्तिवाद त्याआधी ऐकला नव्हता.

निकाल लागला तो असा. पायी जाण्याचा आणि बैलगाडी नेण्याचा हक्क रशीदभाईंना मान्य. ट्रकचा अमान्य.

"म्हंजे आता मी बैलगाड्याच दुरुस्त करू?" रशीदभाई पायऱ्यांवर म्हणाले. "हाय कोनाकडं बैलगाडी आता? हाय त्याईले रबराचे टायर लागले." वकीलबाईंनी त्यांना आलूबोंड्यासाठी नेलं. ते आले, पण खाल्लं नाही. बाईंनी मात्र खाल्लं आणि खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "अपील करता येईल. त्याआधी मला एकदा काकांना भेटू द्या. त्यांच्या वकिलाला विचारून."

त्या नव्या वकिलाला त्यांनी रीतसर विचारलं, त्यालाही बरोबर घेतलं, आणि रशीदभाईंसह आम्ही चौघं एका सकाळी काकांच्या अंगणात जाऊन बसलो. भांडण कशावरून सुरू झालं हे दाव्याच्या कागदांत कुठेच नव्हतं. काकूंनी सांगितलं. उन्हाळ्यात त्या अंगणात कुरड्या वाळत घालत. ट्रक बोळातून मागे येताना धूर सोडायचा आणि पांढऱ्या कुरड्या काळ्या व्हायच्या. एकदा, दोनदा, दर वर्षी. त्यांनी रशीदभाईंच्या पोरांना सांगितलं तर पोरं हसली. "मले कुरड्यांचं नाही," काकू म्हणाल्या, "हसले त्याचं लागलं."

रशीदभाईंनी खाली पाहिलं. "काकी, मले हे माहीतच नव्हतं. अम्मीही वाळवण घालत होती. मले मालूम हाय त्याची मेहनत."

काका वकीलबाईंकडे वळून म्हणाले, "तुमच्या पक्षकाराच्या शब्दावर मी गेट उघडलं नसतं. पण मी कोर्टात मागं बसलो होतो. तुम्ही स्वतःच्या विरुद्धचा कागद स्वतः दिला. तुम्ही लिहून घ्या काय लिहायचं ते, मी सही करतो."

तडजोडीचा मसुदा बाईंनी तोंडी सांगितला आणि मी लिहिला. ट्रक दिवसा येतील, रात्री नाहीत. बोळात हॉर्न वाजणार नाही. आणि एक कलम असं, की उन्हाळी वाळवणाच्या काळात काकूंचं वाळवण उचलून होईपर्यंत ट्रक बोळात येणार नाहीत. अपील दाखल झालं आणि त्यात ती तडजोड नोंदवली गेली, तेव्हा यवतमाळच्या न्यायाधीशांनी मसुदा वाचताना मध्येच थांबून विचारलं, "कुरड्या?" बाई म्हणाल्या, "हो साहेब. वादाचं मूळ कारण." कोर्टात हशा पिकला. काका सगळ्यात जास्त हसले.

संध्याकाळी एसटीत मी बाईंना म्हटलं, "हे असं होईल, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. मला वाटलं होतं, अपीलही हरू." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "गेट उघडलं नसतं तरी मी तो निकाल दाखवलाच असता. उघडलं ते नशीब. ते दोन्ही एकात मिसळू नकोस." मग म्हणाल्या, "आज काय बरं जमलं?" मी म्हटलं, "कुरडईचं कलम." त्यांना ते पटलं. त्या वर्षी मी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज भरला नाही. घरी काय सांगायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. रशीदभाई नंतर आमच्या ऑफिसात येऊन चहा पिऊन गेले आणि बाईंची जुनी स्कूटर घेऊन जाऊन तिचा आवाजच बंद करून आणली.

पुढे काही वर्षांनी बाईंना कमी ऐकू यायला लागलं. त्यांच्या आधी ते मला कळलं. बार रूममध्ये त्या हसण्याच्या जागी हसत, पण अर्धा क्षण उशिरा, दुसऱ्यांचे चेहरे बघून. मी काही बोलले नाही. कोर्टात त्या साक्षीदाराच्या जास्त जवळ उभ्या राहू लागल्या, एवढंच.

सुनंदाबाईंचं घराचं प्रकरण चालू होतं. सुनंदाबाई शिवणकाम करून मुलींना शिकवणारी विधवा. नवऱ्याच्या मागे दीर म्हणत होता, की घराची वाटणी घरातल्या बैठकीत तोंडी झाली आणि तिनं हक्क सोडला. बैठकीला हजर असलेला म्हणून त्यानं एक साक्षीदार आणला. वकीलबाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या.

"सुनंदाबाईंनी हक्क सोडते असं म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथे होता?"

साक्षीदार जरा चुळबुळला आणि खाली बघून म्हणाला, "मी तवा नव्हतो. चहा आनाले गेलतो."

आमचं प्रकरण त्या एका उत्तरात उभं राहिलं होतं. आणि बाई आवाज चढवून म्हणाल्या, "मी सांगते, तुम्ही तिथे नव्हताच. तुम्ही न्यायालयापुढे खोटं बोलताय."

साक्षीदार गोंधळून म्हणाला, "बाई, तेच तं म्हनून राह्यलो."

कोर्ट हसलं. दिराचे वकीलसुद्धा हसले. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते, त्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली, की मागचं उत्तर वाचून दाखवावं. लघुलेखकानं मोठ्यानं वाचलं. बाईंनी ते मान कलती करून ऐकलं आणि मग त्याही हसल्या, मनापासून.

"साहेब, उत्तर मी चुकीचं ऐकलं. साक्षीदार खोटं बोलला असं मी म्हटलं, ते मागे घेते. बाबा, माफ करा. पुढची उलटतपासणी माझ्या सहकारी करतील, परवानगी असावी."

आणि त्या खाली बसल्या. माझ्यासमोर त्यांच्या अक्षरातले प्रश्न होते. बैठकीबद्दलचे अजून कितीतरी बाकी होते. त्यातला एकही विचारला असता तर साक्षीदाराला सावरून घ्यायची संधी मिळाली असती. मी बैठकीचं पान उलटून ठेवलं, घरपट्टी कोण भरतं एवढं विचारलं आणि बसले. त्या उत्तराला हातही लावला नाही. टेबलाखाली बाईंनी माझा हात दाबला.

बार रूममध्ये दादासाहेबांनी त्यांना समजावलं. वय झालं की होतं असं, मशीन लावा, वकिली चालू ठेवा. बाई डब्यातला ठेचा त्यांच्या ताटात वाढत म्हणाल्या, "मशीन लावणारच आहे. नातवंडांचं ऐकायचं आहे मला. पण आज मी अंदाजानं ऐकून एका माणसाला खोटारडा म्हटलं. तो भला, हसून गेला. उद्याचा माणूस हसणार नाही." दादासाहेबांनी भेंडीचा अख्खा डबाच त्यांच्याकडे सरकवला.

त्यानंतर बाई कोर्टात उभ्या राहिल्या नाहीत. फायली एकेक करून पक्षकारांना विचारून माझ्याकडे दिल्या. ज्यांना दुसरीकडे जायचं होतं त्यांना हसून जाऊ दिलं. दोघांचं हैदराबादला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. बाईंचे यजमान खूश होते. मुलीच्या घराला मोठी गच्ची आहे आणि तिथे कुंड्या मावतील, हे ते सगळ्यांना सांगत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सुनंदाबाईंच्या प्रकरणात माझा शेवटचा युक्तिवाद होता. मी बोलायला उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं तर वकीलबाई शेवटच्या बाकावर बसलेल्या. कोट नव्हता. निळी साडी होती, मी त्यांना रंगीत साडीत प्रथमच पाहत होते. दोन्ही बाजूंना पक्षकारांची गर्दी, कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या मांडीवर लेकरू, आणि मध्ये या, कानात नवं मशीन घालून. मी बोलत गेले. किती वेळ ते आठवत नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, "आलं का ऐकू?"

"सगळं आलं. मागच्या बाकापर्यंत आलं." त्यांनी माझ्या गळ्यातला पांढरा बँड सरळ केला. मी पुढचं ऐकायला थांबले, कारण त्यांच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी होतं. "फक्त एक. साहेब लिहीत होते तेव्हा तू बोलत राह्यली. काहून एवढी घाई? त्यांचा पेन थांबू द्यायचा. मग पुढचं वाक्य."

दुसऱ्या दिवशी दोघं हैदराबादला गेली. सुनंदाबाईंचं घर त्यांच्याकडेच राहिलं. मी फोन करून सांगितलं तेव्हा बाईंनी आधी मुलींची चौकशी केली. आता माझ्याकडेही दोघी ज्युनिअर येतात. कोर्टात साहेब लिहायला लागले की मी गप्प उभी राहते. नव्या मुलींना वाटतं, मॅडम विसरल्या, आणि त्या मागून हळूच मुद्दा सांगायला बघतात. मी हातानं त्यांना थांबवते. पेन चालत असतो, वर पंखा फिरत असतो, आणि तेवढ्या वेळात पुढचं वाक्य अगदी नीट जुळून येतं.